जुन्या वह्यांचे स्कॅन, पीडीएफ आणि वर्ड: रूपांतर करताना फाइल फुगू नये म्हणून काय करावं?

राजापूरकर

गावच्या वाचनालयाची जुनी इतिवृत्तं आणि जमाखर्चाच्या वह्या डिजिटल करायचं काम सुरू आहे. फुलस्केप आकार, निळी-काळी शाई, हिशेबतपासनिसांचे शेरे तांबड्या शाईत, मधूनमधून जांभळे शिक्के. कागद पिवळा पडलाय, कडांना ओलीचे डाग आहेत. पान ए४ स्कॅनरच्या काचेवर मावत नाही, म्हणून मोबाइल स्टँडला लावून १२ मेगापिक्सेलचे रंगीत फोटो घेतलेत.

पहिल्या वहीची २२० पानं. पीडीएफ झाली ४८० एमबीची. वर्डमध्ये रूपांतर केलं तर फाइल दीड जीबीच्या वर गेली आणि आत मजकूर नाहीच, नुसती चित्रं. 'कॉम्प्रेस' केलं की ३५ एमबीवर येते, पण रकमेचे आकडे वाचता येत नाहीत.

हवंय ते असं: कार्यकारिणीला मेलने जाईल आणि दोन कांड्या नेटवर्कवर मोबाइलमध्ये उघडेल अशी एक प्रत, आणि मूळ जसंच्या तसं जपलेलं. कुठं चुकतंय?

देवगडकर

आधी हिशेब मांडू, म्हणजे फाइल कशामुळे जड झाली ते कळेल.

स्कॅन केलेल्या पानाचं वजन तीन गोष्टींवर ठरतं: पिक्सेल किती, प्रत्येक पिक्सेलला किती बिट, आणि दाबायची पद्धत कोणती. ए४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. न दाबता रंगीत ठेवलं तर २६ एमबी, करड्या छटांत ८.७ एमबी, निव्वळ काळं-पांढरं केलं तर साधारण १.१ एमबी. काळ्या-पांढऱ्याला फॅक्सच्या जमान्यातली जी-४ पद्धत लावली की हस्ताक्षराचं स्वच्छ पान ४० ते ८० केबीत बसतं. ह्या पद्धतीत काहीही गाळलं जात नाही, पिक्सेलला पिक्सेल परत मिळतो.

तुमचं एक पान सध्या २.२ एमबी पडतंय. रंगीत जेपेगला ते ठीकच आहे. अडचण अशी की जेपेग पद्धत फोटोंसाठी केलेली. आकाश, चेहरा, पाणी अशा हळूहळू बदलणाऱ्या छटा ती छान दाबते. अक्षराची कड म्हणजे एकदम काळं आणि लगेच पांढरं. तिथं ती जागाही खाते आणि अक्षराभोवती धुरकट ठिपकेही सोडते. शिवाय तुमच्या फाइलचा मोठा भाग पिवळ्या कागदाचा पोत आणि डाग साठवण्यात खर्च होतोय.

३५ एमबीच्या प्रतीत आकडे का गेले? बहुतेक कॉम्प्रेसरांच्या मागे घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारं सॉफ्टवेअर किंवा तसंच काही असतं. त्याचा 'स्क्रीन' दर्जा चित्रं ७२ डीपीआयला आणतो, 'ईबुक' १५०ला, 'प्रिंटर' ३००ला. वहीतला आकडा ३ मिलिमीटर उंच धरा. ७२ डीपीआयला त्याच्या वाट्याला आठ-नऊ पिक्सेल येतात, १५०ला १७-१८, २००ला २३-२४. आठ पिक्सेलमध्ये ५ आणि ६, किंवा १ आणि ९ वेगळे ओळखू येणार नाहीत. हिशेबाच्या वहीला १५०च्या खाली जाऊच नका.

आणि तुमचे फोटो ३०० डीपीआयचे आहेत का तेही बघा. फोटोवर लिहिलेला डीपीआय नुसतं लेबल असतं. ४००० पिक्सेलच्या लांब बाजूत कडा धरून १४ इंच टिपले असतील तर खरा आकडा २८५ येतो, तो पुरेसा आहे. पण वही उघडी ठेवून समोरासमोरची दोन पानं एकाच फोटोत घेतलीत तर २३५च्या आसपास. दोन-दोन पानं घेऊ नका.

दापोली_डीटीपी

वर्डची फाइल तिप्पट का झाली ते सांगतो.

डॉक्स फाइल ही आतून झिप असते. तिची प्रत काढा, नावाच्या शेवटचं डॉक्स पुसून झिप लिहा आणि उघडा. 'वर्ड' फोल्डरच्या आत 'मीडिया' नावाचं फोल्डर आहे, सगळी चित्रं तिथं सापडतील. ती पीएनजी असणार, पैज लावायला हरकत नाही. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने तुमचे जेपेग सोडवले आणि पीएनजी करून भरले. पीएनजी काहीच टाकून देत नाही. फोटोतला बारीक खरखराट, कागदाचे तंतू, बुरशीचे ठिपके सगळं इमानदारीने साठवतं, म्हणून फुगतं. रेघांचा तक्ता किंवा स्क्रीनशॉट असेल तर पीएनजीच चांगलं, पिवळ्या कागदाच्या फोटोला नाही.

ज्यांची मुळातली वर्ड फाइल जड आहे त्यांनी दोन जागा बघाव्यात. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, मग 'इमेज साइझ अँड क्वालिटी'. तिथं 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा'वर खूण करा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस'वरची खूण काढा. दुसरं, कुठल्याही चित्रावर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स', त्यात 'डिलीट क्रॉप्ड एरियाज'. कापलेला भाग दिसत नसला तरी फाइलमध्ये तसाच पडून असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

फाइलमध्ये फाँट भरायचा पर्याय चालू असेल तर 'फक्त वापरलेली अक्षरं' हे निवडा. देवनागरी फाँटात जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात, अख्खा फाँट भरला की दोन पानांचं पत्रही जड होतं.

आणि वर्डमधून पीडीएफ काढताना 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्स्पोर्ट' वापरा. छापून पुन्हा स्कॅन करणं तर अजिबात नको. मजकुराचं पान ३०-४० केबीत होतं, तेच स्कॅन होऊन आलं की एमबीत जातं, शोधताही येत नाही.

वेंगुर्ला_बंदर

राजापूरकर, तुमच्या कागदाला एक उपाय नक्की लागू पडेल: लाल चॅनेल.

पिवळा कागद आणि तपकिरी ओलीचे डाग लाल प्रकाश चांगला परतवतात. म्हणून रंगीत फोटोतला फक्त लाल चॅनेल (लाल, हिरवा, निळा ह्या तीन थरांपैकी एक) वेगळा काढून वापरला की कागद जवळजवळ पांढरा दिसतो, डाग फिके पडतात आणि निळी-काळी शाई गडद राहते. जिम्प ह्या चित्र-संपादकात 'कलर्स', 'कम्पोनंट्स', 'एक्स्ट्रॅक्ट कम्पोनंट' आणि तिथं आरजीबी रेड. शेकडो पानांना इमेजमॅजिक ह्या सॉफ्टवेअरने एका आज्ञेत होतं. नेहमीच्या करड्या रूपांतरात तिन्ही चॅनेल मिसळतात, त्यात डाग तसेच राहतात.

मात्र तांबड्या शाईतले शेरे ह्यात नाहीसे होतील. अगदी पुसल्यासारखे. तेव्हा तशी पानं आधीच बाजूला काढा, त्यांना ही पद्धत लावायची नाही. जांभळे शिक्के फिके पडतील पण बहुधा दिसतील. प्रत्येक प्रकारचं एक पान करून तपासा.

डागांचा आकाराशी काय संबंध, तर पुष्कळ आहे. जी-४ पद्धत लांब सलग पांढऱ्या पट्ट्या स्वस्तात साठवते. कागदावर बुरशीचे हजार ठिपके असले तर पट्ट्या तुटतात. ६० केबीचं पान २०० केबीवर जातं आणि त्यात अक्षरं तेवढीच. म्हणून काळं-पांढरं करण्याआधी साफसफाई हवी. स्कॅनटेलर हे मोफत सॉफ्टवेअर ह्याच कामाचं आहे: पान सरळ करणं, कडा कापणं, ठिपके झाडणं. त्यात फोटो घेताना तो डीपीआय विचारतो, तिथं वर देवगडकरांनी काढलेला खरा आकडा द्या, कॅमेऱ्याने लिहिलेला ७२ तसाच ठेवू नका. बाहेर पडणाऱ्या पानाचा डीपीआय मुळात ६०० असतो, तो ३०० करा. ठिपके झाडायची मात्रा सौम्य ठेवा. जोर लावलात तर अनुस्वार जातात आणि दशांशचिन्हंही.

मग तयार झालेल्या टिफ फाइली आयएमजीटूपीडीएफने बांधा. तो चित्राला हात न लावता नुसता पीडीएफचा वेष्टण घालतो. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला दिल्या तर तो जी-४ सोडवून त्याचं जेपेग करेल आणि सगळी मेहनत वाया.

फोटो काढतानाच्या दोन गोष्टी. मागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा, पांढरा नाही. पांढरा कागद प्रकाश परत वर पाठवतो आणि मागची अक्षरं उठतात. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. कागद ओल धरतो, लाटा येतात, लाटांच्या सावल्या पडतात आणि काळं-पांढरं करताना सावलीचा काळा डाग होतो. ओलसर पानं सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर सुकवा. उन्हात ठेवली तर कडकतात, शाई उडते.

राजापूरकर

देव बरे करो! लाल चॅनेलचं कधी वाचलं नव्हतं.

एक शंका. एका सॉफ्टवेअरमध्ये काळ्या-पांढऱ्यासाठी जी-४ ऐवजी जेबिग-२ असा पर्याय दिसतोय, त्यात 'लॉसी' (थोडं गाळणारा) आणि 'लॉसलेस' (काहीही न गाळणारा) असे दोन प्रकार. लॉसीने फाइल आणखी निम्मी होते म्हणतात. घेऊ का?

देवगडकर

लॉसी घेऊ नका. हिशेबाच्या वहीला तर मुळीच नाही.

जेबिग-२ पानावरचे सुटे आकार गोळा करतं. दोन आकार सारखे वाटले की एकच साठवतं आणि दोन्ही जागी तोच छापतं. लॉसीमध्ये 'सारखे वाटले' ही अट सैल असते. २०१३ साली डेव्हिड क्रीसेल ह्या जर्मन संशोधकाने झेरॉक्सच्या काही यंत्रांतून काढलेल्या स्कॅनमध्ये आकडे बदलल्याचं दाखवून दिलं होतं, ६च्या जागी ८. पान अगदी स्वच्छ दिसायचं, म्हणूनच कोणाला संशय येत नव्हता. धूसर आकडा बघून माणूस थांबतो, मूळ बघतो. स्पष्ट दिसणाऱ्या चुकीच्या आकड्यावर सही करून मोकळा होतो.

मराठी कागदांत हा धोका नेमका आकड्यांवर येतो. शिरोरेघेमुळे आपला अख्खा शब्द एकच आकार बनतो, तसाच दुसरा आकार सहसा मिळत नाही, त्यामुळे शब्द बचावतात आणि फाइलही इंग्रजी मजकुराएवढी लहान होत नाही. आकड्यांना शिरोरेघ नाही. ते सुटे, लहान आणि एकमेकांसारखे. जमाखर्च, गट नंबर, हेक्टर-आर, सगळे त्यातच.

लॉसलेस जेबिग-२ चालेल, जी-४पेक्षा थोडी लहान होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही हमखास उघडायला हवी असेल तर जी-४च बरी.

सावंतवाडीची_ताई

धाग्याला थोडं सोडून विचारते. ऑनलाइन काढलेला डिजिटल सहीचा सातबारा दुसऱ्या कागदांबरोबर एकत्र करून लहान करायचा असतो, तर त्याची सही राहते का? आणि मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मला सहीचं चित्र '१० ते २० केबी' मागतात, ते कधी ४ केबी होतं तर कधी ६०.

वेंगुर्ला_बंदर

नाही राहत, ताई. डिजिटल सही फाइलच्या नेमक्या बाइट्सवर केलेली असते. कॉम्प्रेस करा, पानं जोडा, 'प्रिंट टू पीडीएफ' करा, फाइल नव्याने लिहिली जाते आणि सही तुटते. कागदावर सहीचा चौकोन दिसत राहील, पण तो नुसतं चित्र. उतरवून घेतलेली फाइल तशीच वेगळी जोडा. मुळात ती मजकुराचीच असते, लहानच असते. रीडरमध्ये प्रश्नचिन्ह दिसतंय म्हणून सही खोटी असं नाही. प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला रीडरला सांगावं लागतं: सहीवर क्लिक, 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', 'शो सायनर्स सर्टिफिकेट', 'ट्रस्ट'.

दापोली_डीटीपी

ताई, सहीच्या चित्राचा क्रम असा: आधी कापा, मग पिक्सेल ठरवा, दर्जा सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात म्हणून आकडा हातात येत नाही.

बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या फॉर्मचं उदाहरण घ्या. फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही, सरळ वरून फोटो, सहीच्या कडेपर्यंत कापणे, मग पिक्सेल. १४० गुणिले ६० म्हणजे जेमतेम ८४०० पिक्सेल, त्याचं जेपेग १० केबीच्याही खाली जातं. फॉर्मवर ते पिक्सेल 'प्रेफर्ड' लिहिलेले असतात. तेव्हा प्रमाण तेच ठेवून २८० गुणिले १२० करा आणि दर्जा ९०च्या आसपास ठेवून बघा, मर्यादेत येईल. डीपीआयचा आकडा बदलून केबीत फरक पडत नाही, त्यात वेळ घालवू नका. आयफोनचा फोटो हेइक प्रकारात असेल तर आधी जेपेग करा, नुसतं नाव बदलून पोर्टल घेत नाही.

आणि कळकळीने सांगतो: आधार, सातबारा, बँकेचं पासबुक असले कागद कुठल्यातरी फुकट कॉम्प्रेसर साइटवर टाकू नका. वरची सगळी कामं संगणकावर, इंटरनेटशिवाय होतात.

गुहागर_किनारा

मूळ धाग्यातला वर्डचा प्रश्न राहिला. राजापूरकर, हस्तलिखिताचं वर्ड करायचा नाद सोडा. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करणाऱ्या टेसरॅक्ट ह्या सॉफ्टवेअरचं मराठी प्रारूप छापील अक्षरासाठी आहे. जुन्या वळणदार हस्ताक्षरावर त्यातून जे येतं ते दुरुस्त करण्यापेक्षा टंकलेखन लवकर होईल. त्याऐवजी एक्सेलमध्ये सूची करा: वही, पान, सभेची तारीख, विषय. पीडीएफमध्ये प्रत्येक सभेला बुकमार्क. दोन्ही मिळून काही केबी वाढतात, आणि शोधणाऱ्याला हवं ते पान सापडतं.

छापील अहवाल असतील त्यांना मात्र ओसीआर करा. गूगल ड्राइव्हवर फाइल २ एमबीच्या आत ठेवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं की छापील मराठी बऱ्यापैकी येतं. क्रम लक्षात ठेवा: ओसीआर आधी, चांगल्या ३०० डीपीआय प्रतीवर, आणि लहान करणं नंतर. ओसीआरमायपीडीएफ हे सॉफ्टवेअर चित्राच्या मागे अदृश्य मजकुराचा थर टाकतं, त्याने पानामागे फार तर थोडे केबी वाढतात.

मजकुराच्या पीडीएफमधूनही मराठी कॉपी केली की वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे जातात, कारण पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात, आपण उच्चारतो त्या क्रमाने नाही. अशा पीडीएफचं वर्ड करण्यापेक्षा ती पानं चित्र समजून ओसीआर केलेलं जास्त स्वच्छ येतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातल्या फाइलींना तर तोच मार्ग, किंवा आधी युनिकोड परिवर्तक.

दापोली_डीटीपी

श्रीलिपीवरून आठवलं, गावोगावच्या स्मरणिकांसाठी. छापखान्याला द्यायच्या फाइलमध्ये अक्षरांचे 'कर्व्ह' केलेले असतात. फाँट नसला तरी छपाई अडत नाही म्हणून ते योग्यच. पण वेबसाइटवर तीच फाइल चढवतात. कर्व्ह केलं की प्रत्येक अक्षर म्हणजे रेघांचं चित्र. 'आ' हजार वेळा आला तर हजार वेळा काढला जातो. फाइल जड, शोध बंद. वाचकांसाठी वेगळी पीडीएफ काढा: अक्षरं अक्षरंच, फाँट भरलेला, फोटो १५० डीपीआय, रंग छपाईच्या सीएमवायके ऐवजी पडद्याच्या आरजीबी पद्धतीत.

राजापूरकर

मग असं ठरवतो. साध्या पानांना लाल चॅनेल, स्कॅनटेलर, जी-४. तांबड्या शेऱ्यांची साधारण ३० पानं रंगीत. मेलला एवढं चालेल का? आणि मूळ फोटोंचं काय करायचं?

देवगडकर

१९० पानं गुणिले ५० केबी, साडेनऊ एमबी. ३० रंगीत पानं १५० डीपीआयला सुमारे ३५० केबीप्रमाणे साडेदहा. एकूण २० एमबी. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी मेलमध्ये जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत ठेवा. वहीचे वर्षांप्रमाणे दोन भाग करा, दोन कांड्यांवरही एक-एक भाग उतरेल. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून. पानांचे फोटो 'फोटो' म्हणून पाठवलेत की ते पुन्हा दाबले जातात.

मूळ फोटो आहेत तसे ठेवा, नवीन प्रत नेहमी त्यांच्यावरूनच काढा. जेपेग उघडून पुन्हा जेपेग साठवलं की दर वेळी थोडं जातं, आणि लहान केलेल्या पीडीएफला आणखी लहान करायला गेलं की आकड्यांचा बळी जातो. ४८० एमबी आजच्या डिस्कला काहीच नाही. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि अधूनमधून जोडून फाइली उघडतात ना ते बघायचं.

बुकमार्क टाकून झाले की शेवटी 'सेव्ह' नको, 'सेव्ह ॲज' करा. नुसत्या सेव्हने बरीच सॉफ्टवेअर जुनं तसंच ठेवून बदल मागे जोडत जातात, पानं काढून टाकली तरी फाइल तेवढीच राहते. क्यूपीडीएफ हे सॉफ्टवेअर असेल तर त्यातून 'लिनिअराइझ' करून घ्या, म्हणजे वेबसाइटवर ठेवल्यावर पूर्ण फाइल उतरायच्या आधी पहिलं पान दिसू लागतं.

सभासदांना पाठवण्याआधी आकड्यांनी भरलेली चार-पाच पानं मोबाइलवर मोठी करून मूळ वहीशी ताडून बघा, बेरजेच्या ओळी आधी. तिथं जुळलं नाही तर ते पान २०० डीपीआयला करड्या छटांत घ्या. त्याचे ४००-५०० केबी झाले तरी चालतील.